मातीतून मॅटवर : खाशाबा जाधवांची चार वर्षे

हेलसिंकीचे कांस्यपदक आणि खाशाबा जाधव यांची सांगड मराठी मनात इतकी पक्की बसली आहे की, त्या पदकाच्या मागे काय होते, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारा मल्ल, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा सुपुत्र, एवढे सांगून झाले की आपण थांबतो. फार तर त्यांची झालेली उपेक्षा आठवून हळहळतो. ही हळहळ रास्तच आहे. परंतु तिच्या भरात खाशाबांच्या आयुष्यातील सर्वांत विलक्षण भाग झाकला जातो. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये उतरलेला हा तरुण मातीतला तयार पैलवान असला, तरी मॅटच्या खेळात नवशिकाच होता. चार वर्षांनी हेलसिंकीत उतरला तेव्हा तो जगातील पहिल्या तिघांत बसणारा मल्ल झाला होता. या चार वर्षांत त्याच्यापाशी ना खास प्रशिक्षण केंद्र होते, ना सरकारी वेतनावरचा परदेशी मार्गदर्शक, ना पुरेसा पैसा. मग हे अंतर त्याने कापले कसे?

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर वसलेल्या कऱ्हाडपासून गोळेश्वर हाकेच्या अंतरावर आहे. वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. त्या काळी आजचा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. त्याचा बराचसा मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडत असे आणि उरलेला भाग लहानमोठ्या संस्थानांत विभागलेला होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कागदावरची ही वाटणी कुस्तीला कधीच मान्य नव्हती. कऱ्हाडचा पैलवान वाळव्याच्या जत्रेत लढायचा, मिरजेकडचा मल्ल पाटणच्या मैदानात उतरायचा. कृष्णाकाठच्या गावागावांत तालीम होती. जत्रेच्या दिवशी हलगीचा कडकडाट सुरू झाला की पोरेठोरे, म्हातारेकोतारे मैदानाकडे धावत. नारळावरच्या कुस्तीपासून मोठ्या इनामाच्या जोडीपर्यंत एकेक पायरी चढत मुलगा पैलवान होत असे. खाशाबा याच पायऱ्यांनी वर आले.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. ते दिवस बेचाळीसच्या आंदोलनाचे होते. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले होते आणि शाळकरी पोरेही त्या धामधुमीपासून अलिप्त राहू शकत नव्हती. भूमिगतांना आसरा देणे, गुप्त पत्रके पोहोचवणे अशा कामांत खाशाबांचाही हात होता. पुढे हाच तरुण पोलिस खात्यात गेला, हा काळाचा एक गमतीदार न्याय म्हणायचा.

शाळा संपवून ते कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात आले. शाहू महाराजांनी ज्या नगरीत खासबागेचे मैदान उभारले आणि मल्लांना राजाश्रय दिला, ती नगरी कुस्तीची पंढरीच. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या देखरेखीखाली त्यांची मेहनत चालू झाली. महाविद्यालयातील एक आठवण सांगितली जाते. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव नोंदवायला ते गेले, तेव्हा त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी नाव घेण्यास नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि समोर येईल त्याला अस्मान दाखवले. पैलवान म्हटला की डोंगराएवढा देह डोळ्यांपुढे येणाऱ्यांच्या नजरेत हा मुलगा बसत नव्हता. पण चपळाई हे त्याचे भांडवल होते. पाय विलक्षण हलके आणि ढाक हा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळून त्याला वरून फेकायचे, हा तो डाव. यात ताकदीइतकाच क्षण अचूक साधावा लागतो.

लंडनला जाण्याची संधी मिळाली ती १९४८ मध्ये, कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलल्यामुळे. तिथे जे समोर आले ते समजून घेण्यासाठी माती आणि मॅट यांतला फरक नीट पाहायला हवा. तो केवळ पायांखालच्या पृष्ठभागाचा नाही.

आखाड्याची तांबडी माती म्हणजे तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ केलेली, रोज खणलेली जमीन. तिच्यात पाय किंचित रुततो. पैलवान मूठभर माती घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर टाकतो, म्हणजे घामाने निसटणारी पकड बसते. कुस्ती घड्याळावर चालत नाही. दोन मल्ल एकमेकांचा अंदाज घेत, मानेवर हात ठेवून बराच वेळ रेटारेटी करू शकतात. एकाची पाठ जमिनीला लागली, तो चितपट झाला की कुस्ती निकाली. नाही तर पंच ती बरोबरीत सोडवतात. धीर, दम आणि एका निर्णायक डावाची वाट पाहणे ही मातीची शिकवण.

मॅटवर हे सारे उलटे होते. मऊ गादीवर ताणलेले कापड, त्यावर पाय न रुतता झपकन फिरतो. म्हणून हल्लाही झपकन येतो. पकडीला माती नाही. लंगोटाला हात घालून उचलण्याची मातीतली सवय इथे नियमभंग ठरते. पायांत बूट. लढतीला पंधरा मिनिटांची मर्यादा, आणि तेवढ्यात कोणी चीत झाले नाही तर तीन पंच कौल देणार. याचा अर्थ असा की, काहीच न करता वाट पाहणारा मल्ल हरू शकतो आणि लहानसहान पकडींनी वरचष्मा राखणारा एकदाही चीत न करता जिंकू शकतो. त्यातच त्या काळी दंडगुणांची पद्धत होती. हरणाऱ्याला दंडगुण मिळत आणि चीत न करता केवळ कौलावर जिंकणाऱ्यालाही एखादा दंडगुण बसे. पाच दंडगुण झाले की मल्ल स्पर्धेबाहेर. तेव्हा प्रत्येक लढतीत नुसते जिंकून भागत नसे, कसे जिंकलो याचाही हिशेब ठेवावा लागे. जत्रेतल्या मैदानात वाढलेल्या पैलवानाला असा हिशेब कोणी शिकवलेला नसतो.

मोटारीचे उदाहरण घेतले तर हे शहरी वाचकाला चटकन उमजेल. वीस वर्षे घाटरस्त्यावर बिनअपघात गाडी हाकणारा माणूस शर्यतीच्या धावपट्टीवर पहिल्यांदा उतरतो, तेव्हा तो पुन्हा नवशिकाच असतो. हात तयार असतात, पण वळणाआधी कुठे थांबायचे आणि नजर कुठवर पुढे ठेवायची, हे त्याला नव्याने शिकावे लागते. त्यातही जुनी सवय मोडणे हा त्या शिकण्यातला सर्वांत जड भाग असतो. खाशाबांपुढे लंडनमध्ये नेमके हेच आव्हान होते.

मॅटचा सराव त्यांना जवळजवळ नव्हताच. लंडनमध्ये त्यांना अमेरिकेतील माजी विजेते मल्ल रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन लाभले. दिवस थोडे होते. थोड्या दिवसांत नवी कुस्ती शिकवता येत नाही. शिष्याजवळ जे आहे त्यातले मॅटवर काय चालेल, एवढेच निवडून देता येते. खाशाबांपाशी हलके पाय होते आणि ते मॅटवर चालणार होते. फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोंखालील वजनात, त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांतच हरवले. अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही त्यांनी नमवले. पुढे इराणच्या मन्सूर रईसीने त्यांना रोखले. अखेरीस खाशाबा सहाव्या क्रमांकावर राहिले. फिनलंडच्या लेनार्ट व्हिटालाने त्या गटाचे सुवर्ण जिंकले.

मॅटवर प्रथमच उतरलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाला सहावा क्रमांक हे यश वाटू शकले असते. गावी परतून त्याच बळावर आयुष्यभर मान मिळवता आला असता. जत्रांची मैदाने होती, इनामे होती. पण खाशाबांनी लंडनमधून पदकाऐवजी आपल्या उणिवांची पक्की जाणीव आणली. कुठे कमी पडलो हे ज्याला बिनचूक दिसते, तो निम्मे अंतर तिथेच कापतो, असे मला वाटते. परतल्यावर त्यांनी मेहनत वाढवली आणि वजनाचा गटही वरचा धरला. हेलसिंकीत ते ५७ किलोंच्या बँटमवेट गटात उतरले. पाच किलोंचा हा फरक लहान वजनाच्या मल्लाला फार मोठा असतो. वाढत्या वयात शरीराला छळून वजन खाली ठेवण्यापेक्षा, वरच्या गटात अधिक ताकदवान प्रतिस्पर्ध्यांशी भिडण्याचा हा मार्ग होता. त्यात जोखीम होती, पण अंगातला दम शाबूत राहत होता.

कोल्हापुरात त्या काळी मॅटवरच्या सरावाची साधने तुटपुंजी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या तयारीचे मोल कळते. सराव बहुतांशी मातीतच होणार आणि परीक्षा मॅटवर. म्हणजे तालमीत घाम गाळताना डोक्यात सतत दुसरीच कुस्ती चालू ठेवायची. माती रेंगाळू देते तिथे आपण रेंगाळायचे नाही, पकड सुटली की लगेच दुसरी घ्यायची, प्रत्येक जोर पंधरा मिनिटांच्या मापाने बेतायचा. ही शिस्त स्वतःच स्वतःला लावायची असते.

हेलसिंकीची वाट मात्र नुसत्या मेहनतीने मोकळी होणार नव्हती. निवडीतच वाद झाला. निवड स्पर्धेत बंगालच्या निरंजन दास यांना झुकते माप देण्यात आले, अशी खाशाबांच्या बाजूची तक्रार होती. त्यांनी पटियालाच्या महाराजांकडे दाद मागितली. फेरलढत झाली आणि खाशाबांनी दास यांना पाहता पाहता चीत केले, असे सांगितले जाते. पंचांच्या कौलाची भीती असेल, तर कौलाची वेळच येऊ द्यायची नाही, हे उत्तर त्यांना मॅटनेच शिकवले असावे.

मग पैशाचा प्रश्न. ऑलिम्पिक तेव्हा केवळ हौशी खेळाडूंसाठी होते. हौशी या शब्दाचा आपल्याकडचा व्यवहारी अर्थ असा की, देशाचे नाव अंगावर घालून जायचे आणि तिकिटाचे पैसे मात्र स्वतः उभे करायचे. सरकारदरबारी केलेल्या याचनेला वेळेवर प्रतिसाद मिळाला नाही. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी आणि कऱ्हाडच्या व्यापाऱ्यांनी झोळी फिरवून वर्गणी गोळा केली. सर्वांत मोठा आधार दिला तो राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी. आपले राहते घर गहाण टाकून त्यांनी सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली सात हजार रुपये म्हणजे नोकरदार माणसाच्या कित्येक वर्षांच्या बचतीइतकी रक्कम. विद्यार्थ्याच्या कुस्तीवर घर पणाला लावणारा प्राचार्य आज सापडेल का, हा प्रश्न इथे मनात आल्यावाचून राहत नाही. मात्र त्याहूनही जास्त मनात राहते ते त्या तरुणाच्या खांद्यांवरचे ओझे. हरून परतलो तर गुरूचे घर जाईल, हे ठाऊक असताना त्याला मॅटवर पाय ठेवायचा होता.

जुलै १९५२. हेलसिंकीच्या मेसुहाल्ली या सभागृहात फ्रीस्टाइल कुस्त्या झाल्या. कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्टो, जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ असे एकेक प्रतिस्पर्धी खाशाबांनी बाजूला सारले. आता समोर होते जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव.

इशीची कहाणी खाशाबांच्या कहाणीशी समांतर जाते, हे फारसे सांगितले जात नाही. तो मुळात ज्युदोचा खेळाडू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर निर्बंध आले, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. म्हणजे मूळ विद्या एक आणि आंतरराष्ट्रीय मैदान दुसरे, असे दोन मल्ल त्या मॅटवर एकमेकांसमोर उभे होते. फरक इतकाच की, इशीच्या पाठीशी संघटनेचे बळ होते. खाशाबांशी त्याची लढत पूर्ण वेळ चालली आणि कौल इशीच्या बाजूने गेला. पुढे त्यानेच सुवर्ण जिंकले.

यानंतर जे घडले त्याची हकीकत सातारा-सांगलीच्या तालमींत आजही सांगितली जाते. त्या थकवणाऱ्या लढतीनंतर खाशाबांना लगोलग मामेदबेयोवशी लढण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो नियम दाखवून आक्षेप घेण्यासाठी भारतीय पथकातील एकही जबाबदार अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा उतरले आणि हरले. मामेदबेयोवला रौप्य मिळाले, खाशाबांना कांस्य. २३ जुलैचा तो दिवस. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. मात्र मल्लाने आपल्या वाट्याचे सगळे शिकून घेतले होते आणि त्याच्याबरोबर गेलेल्यांनी नियमांचे पुस्तकही उघडले नव्हते, एवढे या हकीकतीवरून दिसते. नवखेपणा त्या सभागृहात कोणाचा राहिला होता, हे वाचकानेच ठरवावे.

त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे हे ६२ किलोंच्या गटात चौथे आले, हेही आवर्जून नोंदवले पाहिजे. एकाच परिसरातले दोन मल्ल एका ऑलिम्पिकमध्ये तिसरे व चौथे येतात, तेव्हा तो योगायोग नसतो. दुसऱ्याच दिवशी भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध बलबीरसिंगांनी पाच गोल केले आणि देशाचे कौतुक साहजिकच तिकडे वाहिले. सन १९०० मध्ये कलकत्त्याच्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी ॲथलेटिक्समध्ये दोन रौप्यपदके मिळवली होती. त्यानंतर बावन्न वर्षांनी भारताच्या खात्यात वैयक्तिक पदक जमा झाले होते. त्याचे मोल तेव्हा दिल्लीला उमगले नाही.

कऱ्हाडला मात्र ते पुरेपूर उमगले. रेल्वे स्थानकापासून गोळेश्वरच्या महादेव मंदिरापर्यंत दीडशेहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची ती वाट. तिला सुमारे सात तास लागले. ढोल वाजत होते, गुलाल उधळला जात होता. परंतु मिरवणूक संपल्यावर खाशाबांना आठवण होती ती गहाण पडलेल्या घराची. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः त्यांत लढले आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचे ऋण फेडले. त्यांच्या सगळ्या कुस्त्यांत मला ही मैदाने सर्वांत मोठी वाटतात. मॅटवर जे कमावले त्याची किंमत पुन्हा मातीत उतरून चुकती केली.

१९५५ मध्ये ते मुंबई पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. पोलिस स्पर्धांतून ते चमकले, पण ऑलिम्पिकचा आखाडा पुन्हा त्यांच्या वाट्याला आला नाही. खात्यातील तरुणांना त्यांनी कुस्तीचे धडे दिले. जवळजवळ सत्तावीस वर्षे नोकरी करून ते सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. नंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या ज्योतयात्रेत त्यांना सहभागी करून घेण्यात आले, हा हयातीतील मोजक्या सन्मानांपैकी एक. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न.

माती सोडून मॅटवर जाण्याची वाट त्यांच्यामागून थोडी रुळली. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मॅटवर सुवर्ण व रौप्य अशी दोन पदके पटकावली आणि १९६४ मध्ये मातीतला हिंदकेसरीचा किताबही मिळवला. ऑलिम्पिकमध्ये मात्र कुस्तीच्या दुसऱ्या पदकासाठी देशाला २००८ पर्यंत, म्हणजे छप्पन्न वर्षे थांबावे लागले. बीजिंगमध्ये सुशीलकुमारने कांस्य जिंकले, तेव्हा खाशाबांचे नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर पुन्हा छापून आले.

राज्य शासनाचा छत्रपती पुरस्कार त्यांना मिळाला तो १९९२-९३ चा. केंद्राचा अर्जुन पुरस्कार २००० सालचा. दोन्ही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले.